बनावट पत्रे आणि खरा संताप

१/ ऑक्टोबर १८८२. मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून दोन तरुण संपादक बाहेर पडले. स्वागतासाठी दाराशी गर्दी लोटली होती. एक ‘केसरी’चे आगरकर, दुसरे ‘मराठा’चे टिळक, दोघेही २६ वर्षांचे. शिक्षा अब्रुनुकसानीबद्दल झाली होती आणि ज्या पुराव्यावर त्यांनी लिहिले, तो खोटा निघाला होता.

२/ प्रकरण कोल्हापूरचे. दत्तक आलेले छत्रपती चौथे शिवाजी महाराज तेव्हा विशीच्या आतले होते. त्यांना वेडसर ठरवण्यात आले होते. अनेकांचा मात्र त्यावर विश्वास नव्हता. राजवाड्यात काय चालले आहे, याची खात्रीची वार्ता बाहेर येत नव्हती. तिची जागा वदंतेने घेतली.

३/ अशा वेळी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावाची काही पत्रे पुढे आली. त्यांतून महाराजांविरुद्ध कारस्थान सूचित होत होते. दोन्ही पत्रांनी प्रकरणाला वाचा फोडली. बर्वे न्यायालयात गेले. पत्रे बनावट ठरली, संपादकांनी माफी मागितली. जुलैमध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस तुरुंगात होते.

४/ तरीही लोकमत ओसरले नाही. बचावासाठी निधी जमला. जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने रामशेठ उरवणे यांनी जामीन दिला. पुरावा कोसळला, सहानुभूती मात्र वाढली.

५/ याचे कारण त्या संशयातच सापडते. तो पत्रांच्या आधीपासून लोकांच्या मनात होता. पत्रांनी त्याला केवळ आकार दिला. संपादकही बहुधा त्यामुळेच फसले. जे आधीच खरे वाटत असते, त्याची पारख करण्याची निकड कोणालाच भासत नाही.

६/ पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. त्यांच्याविषयीची काळजी अनाठायी नव्हती, हे अनेकांना तेव्हा पटले.

७/ पण त्या मृत्यूने पत्रे खरी ठरत नाहीत. न लिहिलेल्या अक्षरांचा डाग बर्व्यांच्या नावावर राहिला आणि महाराजांची रास्त बाजू न्यायालयात खोट्या कागदांसोबत दुबळी झाली. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले; ते आजही आवडीने वाचले जाते. वाचताना बर्व्यांचीही आठवण ठेवावी.