वाढदिवस आणि परवाना

आमची भाची अमेरिकेत, उत्तर कॅरोलिनात, फिजिशियन असिस्टंट आहे. ती रुग्ण तपासते, निदान करते, औषधे लिहून देते. दरवर्षी वाढदिवशी आम्ही उभयतांनी फोन केला की ती म्हणते, "मावशी, आधी परवाना, मग केक!" त्या राज्यात परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी असते आणि त्याची मुदत जन्मतारखेशी बांधलेली असते.

राष्ट्रीय प्रमाणपत्राचा हिशेब निराळा. ते टिकवायचे तर दर दोन वर्षांत निरंतर शिक्षणाचे १०० श्रेयांक जमवायचे आणि १० वर्षांच्या चक्रात पुन्हा परीक्षेला सामोरे जायचे. २०१४ पूर्वी हे चक्र ६ वर्षांचे होते. ज्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली हा अभ्यासक्रम सुरू केला, ते याच राज्यातले. १९६७ मध्ये तेथून बाहेर पडलेले पहिले तिघे नौदलातले माजी वैद्यकीय सेवक होते.

अशा सक्तीने माणूस शिकतोच असे नाही. काही व्याख्याने आपण भाजी चिरता चिरता ऐकतो, हे भाचीही कबूल करते. पण अशाच एका तासाला एका औषधाचे प्रमाण बदलल्याचे तिला कळले. जुन्या प्रमाणाने औषध दिलेली एक वृद्धा आठवून त्या रात्री तिला झोप लागली नाही.

"तुमचा परवाना कधी संपतो?" तिने मध्यंतरी विचारले. आम्ही हसण्यावारी नेले. आमची नेट एकदाच झाली; ती पात्रता तहहयात. उजळणी वर्ग केले, पण ते पदोन्नतीसाठी. त्यांतले काय उरले म्हणाल, तर प्रमाणपत्राची छायाप्रत.

परवा तासाला एका विद्यार्थ्याने अलीकडच्या एका कादंबरीविषयी विचारले. "ती अभ्यासक्रमात नाही," असे आमच्या तोंडून निघून गेले. खरे तर ती आम्ही वाचलेली नव्हती. समोर वीस वर्षांपूर्वीची टिपणवही उघडी होती. आमच्या चुकीच्या मात्रेने कुणी दगावत नाही. म्हणूनच बहुधा आम्हांला कुणी विचारत नाही. मुलगा मात्र मुकाट्याने खाली बसला, आणि त्याचे ते बसणे घरी येईपर्यंत आमच्या डोळ्यांपुढून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याकडूनच ती कादंबरी मागून घेतली. परत करण्याची तारीख त्यानेच ठरवून दिली आहे.