न पाहिलेल्या बर्फाचे गणित

ध्रुवप्रदेशावर संशोधन करणारी व्यक्ती म्हटली की अंगभर लोकरी कपडे, भुवयांवर गोठलेले दहिवर आणि मागे घसरगाडी, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. मी गेली तीन वर्षे अंटार्क्टिकाच्या बर्फावर काम करते आहे. पण तो बर्फ मी अद्याप पाहिलेला नाही. माझे सारे काम चार भिंतींच्या आत, संगणकापुढे चालते. ‘मग तू नेमके करतेस काय?’ असे घरचे आणि दारचे नेहमी विचारतात. त्या प्रश्नाचे हे उत्तर.

बर्फ आपल्याला दगडासारखा टणक वाटतो. परंतु त्याचे दोन-तीन किलोमीटर जाडीचे थर साचले की स्वतःच्याच भाराने तो घट्ट काकवीसारखा वाहू लागतो. जॉन ग्लेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत बर्फावर भार ठेवून एक नियम शोधला : भार दुप्पट केला की बर्फाचा आकार बदलण्याचा वेग दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होतो. आमचे गणित मुख्यतः याच नियमावर उभे आहे. संपूर्ण खंडाचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातील बर्फाची जाडी, तापमान आणि वेग संगणकाकडून क्रमाक्रमाने काढून घ्यायचा. गंमत अशी, की आजच्या बर्फाच्या पोटातली थंडी हजारो वर्षांपूर्वीची असते. त्यामुळे पुढच्या शंभर वर्षांविषयी काही विचारायचे, तर पुष्कळदा आधी मागची सव्वा लाख वर्षे संगणकावर चालवून घ्यावी लागतात.

खरी अडचण आहे ती एका रेषेची. किनाऱ्याजवळ बर्फ जमिनीचा आधार सोडून समुद्रावर तरंगू लागतो. ती ही सीमारेषा. पश्चिम अंटार्क्टिकात बर्फाखालची जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि बऱ्याच ठिकाणी ती आतल्या बाजूला आणखी खोल उतरत जाते. अशा उतारावर ही रेषा एकदा मागे सरकू लागली, तर ती सरकतच राहू शकते, असे हान्स वीर्टमन यांनी १९७४ मध्ये गणिताने दाखवले. १९७८ मध्ये जॉन मर्सर यांनी हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडशी या धोक्याचा संबंध जोडून जगाला इशारा दिला.

आता संगणकाचे चौकोन मोठे ठेवले, तर ही रेषा हलायला हवी तशी हलत नाही. चौकोन बारीक केले की उत्तर बदलते. मग हाती आलेले उत्तर बर्फाचे समजायचे की आपण पाडलेल्या चौकोनांचे? माझ्यासारख्या नवख्या संशोधकाकडे आलेले काम हेच : रेषेभोवतीचे चौकोन लहान करीत जायचे आणि उत्तर कोठे स्थिरावते ते पाहायचे. काम कंटाळवाणे आहे. नेमणूक ठरावीक मुदतीची आहे. आणि आमचे भाकीत खरे ठरले की खोटे, हे इ. स. २१०० मध्ये समजेल, तेव्हा ते पाहायला मी नसेन.

या कामाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. बर्फाचा अजस्र थर आपल्या गुरुत्वाकर्षणाने आसपासचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की जवळचे पाणी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा अधिक चढते. आपला चोर्ला घाट उतरला की गोव्याचा जो किनारा लागतो, तो अशा दूरच्या किनाऱ्यांपैकीच आहे.

तेथे तिसवाडीत माझ्या मामांची खाजन शेती आहे. खाजन म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून अडवून लागवडीस आणलेली सखल जमीन. भरतीचे पाणी मानशीच्या दारांनी रोखायचे, ओहोटीला आतले सोडून द्यायचे. मामांनी मला सरळ विचारले, “आकडा सांग, बाय. बांध किती चढवायचा?”

एक आकडा माझ्याकडे नव्हता. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालानुसार, प्रदूषण अत्यंत कमी राखले तर २१०० पर्यंत समुद्र सुमारे २८ ते ५५ सेंटिमीटर आणि अत्यंत वाढले तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर चढण्याचा संभव आहे. शिवाय बर्फाने दगा दिला तर ही वाढ २ मीटरच्या जवळ जाणे अशक्य म्हणता येत नाही. मी हे सांगितले. एवढे शिकूनही पोरीला नक्की सांगता येत नाही, असे मामा म्हणतील, अशी माझी अटकळ होती. ते एवढेच म्हणाले, “बांध रोजच्या भरतीसाठी कोण बांधतो? तो उधाणासाठी बांधायचा. वरचा आकडा नीट काढ.”

कोणत्याही व्याख्यानाने मला माझ्या विषयाचे मर्म इतके स्वच्छ सांगितलेले नाही. ‘इतके ते तितके’ असे म्हणणे हे अज्ञान नव्हे. बांध घालणाऱ्याला त्या मर्यादाच हव्या असतात, आणि त्यांतली वरची मर्यादा खरोखर बर्फाची आहे की चौकोनांची, याची शहानिशा कोणीतरी करायलाच हवी. २००७ च्या अहवालाने, बर्फाच्या प्रवाहाचा वेग वाढल्यास होणारा पूर्ण परिणाम आपल्या आकड्यांत धरलेला नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. पुढच्या पिढीला कोठून सुरुवात करायची, हे त्या एका प्रामाणिक नोंदीने सांगितले.

शेवटी आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना एक विनंती. या कामासाठी बर्फाळ देशात जन्म घ्यावा लागत नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली आणि आज राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र वास्कोत आहे. बर्फाची काही प्रमुख संगणकीय प्रतिमाने कोणालाही विनामूल्य मिळतात. पदवीच्या वर्गातले भौतिकशास्त्र आणि कलनशास्त्र मनापासून केलेले असावे, आणि एकाच गणिताची दोन उत्तरे आली तर रात्री झोप लागू नये. एवढे भांडवल सुरुवातीला पुरते.