पेन्शनमध्ये बसणारी सागरसफर

दिल्लीला सगळे काही आहे, समुद्र तेवढा नाही. सर्वांत ओळखीचा समुद्र म्हणजे मुंबईचा, तोही राजधानी एक्स्प्रेसने एका रात्रीच्या प्रवासावर. कदाचित म्हणूनच राजधानीतल्या निवृत्त मंडळींना बोटीचे आकर्षण अधिक असावे. त्यातही करोलबाग-पहाडगंजात सरकारी नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेल्या आणि आता नोएडा, गुरुग्राम किंवा फरिदाबादला मुलांजवळ राहणाऱ्या मराठी कुटुंबांत अनेकांचे मूळ गाव कोकणात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट, हर्णै, जयगड, मालवण अशी बंदरे घेत जाणारी, आणि बोटीतून किनाऱ्यावर नेणारे पडाव, हे त्यांनी लहानपणी पाहिलेले असते, नाहीतर आईवडिलांकडून ऐकलेले तरी असते. ती आगबोट केव्हाच बंद झाली. हौस मात्र शिल्लक आहे, आणि निवृत्तीनंतर हाती पडलेल्या फंडाच्या रकमेकडे पाहून ती पुन्हा डोके वर काढते.

मग वर्तमानपत्रातली जाहिरात दिसते. पांढरेशुभ्र जहाज, निळे पाणी आणि खाली ‘फक्त’ असे लिहून छापलेला आकडा. प्रश्न असा, की पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याला हे खरोखर परवडते का? परवडते, पण जाहिरातीतल्या आकड्यात नाही.

आपल्या देशात सध्या सहज मिळणारी मोठी सफर म्हणजे कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाची. १९९० साली सेवेत आलेले हे अकरा मजली जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून प्रवासी नेते. गोवा, लक्षद्वीप, कोची अशा दोन ते पाच रात्रींच्या फेऱ्या असतात. जेवणखाण भाड्यातच येते, शाकाहारी आणि जैन जेवणाचीही सोय असते. भाड्यावर मात्र बंदराचे शुल्क, सेवकवर्गाची बक्षिसी आणि जीएसटी वेगळे चढतात. किनाऱ्यावरची सहल, पेये, इंटरनेट यांचे पैसेही निराळे. म्हणून चौकशी करताना पहिला प्रश्न विचारावा तो ‘भाडे किती’ हा नव्हे, तर ‘सगळे धरून दोघांचे किती’ हा. आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

दिल्लीकरांचा जादा हिशेब

मुंबईकर टॅक्सीने बंदरावर जातो. दिल्लीकराला त्यात रेल्वेचे किंवा विमानाचे जाण्या-येण्याचे भाडे मिळवावे लागते. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत बंद केल्यापासून हा खर्च चांगलाच जाणवतो. शिवाय जहाज सुटण्याच्या दिवशीच सकाळी मुंबईत पोहोचण्याचे धाडस करू नये. हिवाळ्यात दिल्लीच्या धुक्याने गाड्या आणि विमाने तासन्‌तास रखडतात, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी पोहोचावे. मुंबईत बहीण, भाचा, जुने शेजारी असे कोणी ना कोणी निघतेच. तेवढाच हॉटेलचा खर्च वाचतो आणि भेटही होते.

खरी बचत आहे ती तारखांत. दिवाळी, नाताळ, नववर्ष, शाळांच्या सुट्या आणि शनिवार-रविवार या दिवसांत दर चढतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत, सुट्या संपल्यावर ते उतरतात. नोकरदाराला ही वेळ साधता येत नाही. निवृत्तांना कुठे रजेचा अर्ज द्यायचा आहे? पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळतो. २०२३ च्या जूनमध्ये हेच जहाज चेन्नईहून श्रीलंकेकडे गेले होते. तेव्हा मुंबईची फेरी हवी असेल तर ऑक्टोबर ते मे हेच महिने धरावेत.

दुसरी बचत खोलीत. सर्वांत स्वस्त ती आतली, बिनखिडकीची खोली. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. समुद्र पाहायला सगळे वर डेकवरच जातात, खोली झोपण्यापुरती. फक्त एक अडचण ध्यानात ठेवावी. दिवा मालवला की आत मिट्ट काळोख होतो, आणि रात्री दोनदा उठणाऱ्याला न्हाणीघराचा उंच उंबरठा दिसत नाही. एक छोटी विजेरी उशाशी हवीच. खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ मागावी. तिथे डोलणे कमी जाणवते आणि गुडघ्यांनाही बरे.

एकट्याने जायचे तर

सर्वांत कडू भाग इथेच येतो. छापलेला दर बहुतेक वेळा ‘दोघांत एक खोली’ असे गृहीत धरून माणशी सांगितलेला असतो. जोडीदार गेल्यानंतर एकटीने निघालेल्या बाईला त्याच खोलीसाठी जवळजवळ दुप्पट मोजावे लागतात. कुटुंब पेन्शनवर राहणाऱ्या बाईने वर्षानुवर्षे मनात धरलेली सफर इथेच अडते. मुलांना पैसे मागणे तिच्या जिवावर येते, आणि ‘आता कुठे जातेस या वयात’ हे ऐकणे तर त्याहून. अशा वेळी मैत्रीण, नणंद, विहीणबाई यांपैकी कोणालातरी खोलीत भागीदार करून घ्यावे. विहिणी-विहिणींनी चार दिवस एका खोलीत काढणे वाटते तितके अवघड नसते म्हणतात! महाराष्ट्र मंडळांतून अशी जोडीदारीण सापडू शकते, फक्त घोरण्याची चौकशी आधी करावी.

दिल्लीहून थेट विमान असल्याने काहीजण सिंगापूरच्या तीन-चार रात्रींच्या सफरींकडे वळतात. जहाजे मोठी, व्यवस्था चोख. पण विमानभाडे, व्हिसा आणि प्रवास विमा यांनी आकडा फुगतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएसही कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण आज तर खिशातून जातोच. विमा मात्र टाळू नये. जहाजावरच्या डॉक्टरचे बिल परकीय चलनात येते. मधुमेह, रक्तदाब असेल तर विम्याच्या अर्जात तो लपवणे म्हणजे विमा न घेण्यासारखेच.

सरकारी जहाज

या मोठ्या जहाजांवर समुद्रापेक्षा गाणेबजावणेच अधिक असते, ही तक्रार वडीलधाऱ्यांकडून ऐकू येते, आणि ती अगदीच खोटी नाही. ज्यांना तारे आणि पाणी एवढेच हवे, त्यांच्यासाठी अंदमानला जाणारी सरकारी प्रवासी जहाजे आहेत. ती चेन्नई आणि कोलकाता इथून सुटतात आणि साधारण तीन दिवस समुद्रात असतात. सावरकरांना १९११ साली ‘महाराजा’ बोटीतून नेले ते याच उपसागरातून. बंक वर्गाचे भाडे अगदी कमी, पण स्वच्छतागृहे सामाईक आणि जिनेही चढावे लागतात. साठी ओलांडलेल्यांनी केबिनचेच तिकीट काढावे. तरीही विमानापेक्षा फार जड जात नाही. जेवणाचे पैसे वेगळे. करमणुकीचा कार्यक्रम नाही, पत्त्यांचा जोड बरोबर न्यावा. तारखा मागेपुढे होतात, म्हणून परतीचे रेल्वे तिकीट घट्ट दिवसाचे काढू नये. एक बाजू बोटीने आणि दुसरी विमानाने करणे सोयीचे.

आणि समुद्र सोसेल की नाही याचीच शंका असेल तर मुंबईला मुलीकडे गेल्यावर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट पकडावी. २०२० पासून ती चालते, तासाभरात पलीकडे नेते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही.