मृदंगाची पुडी आणि पावसाळा

टाळ भिजले तर पुसून ठेवावेत, झाले. मृदंगाचे तसे नाही. तो कातड्याने मढवलेला. आषाढाच्या दमट हवेत दोन-चार दिवस गुंडाळून पडला की पुडीवर पांढरी-हिरवी बुरशी धरते, वाद्या कुजतात आणि ऐन काल्याच्या कीर्तनात पुडी दगा देते.

बुरशीला ओल लागते आणि खाणे लागते. खाणे आपणच घालतो. डाव्या अंगाला लावलेली कणीक कीर्तन संपताच खरवडून, कोरड्या फडक्याने पुसून काढावी. पण आरती झाली की सगळे पंगतीकडे वळतात आणि कणीक रात्रभर तशीच! सकाळी ती आंबते. मुंग्या, उंदीर येतात ते वेगळेच. काही जण कातडे मऊ राहावे म्हणून खोबरेल चोळतात. तेही करू नये.

दिवे घाटात पाऊस लागला तर मृदंगाला प्लॅस्टिकचा कागद हवाच. मात्र सासवडच्या मुक्कामी पोहोचताच तो आधी सोडावा. आत कोंडलेली वाफ पावसापेक्षा वाईट. मग गट्टे उतरवून ताण सैल करावा आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला तर कातडे आखडते, शाईला भेगा जातात. भिजल्या पुडीवर हातोडीने ताण चढवू नये.

आपल्या मृदंगाला आपण गंध लावतो, हार घालतो. पण तो मढवणाऱ्याला माझ्या लहानपणी आमच्या गावात ओसरीखाली बसवत. पाणी वरून ओतत. संत रोहिदासांचे नाव घेणाऱ्यांच्या अंगणातच हे चाले. चामड्याला विटाळ मानणारे आजही भेटतात. त्यांना मी विचारतो, महाराज, मृदंग कशाचा? त्या कारागिराने कातडे भिजवून, ताणून, शाईचा एकेक थर घोटून दिलेली पुडी आपल्या आळसाने कुजावी, हे मला सोसत नाही. लहान दिंडीला तर नव्या पुडीचा खर्चही जड जातो.

घरी मृदंग भिंतीला टेकवून किंवा फरशीवर नको. फळीवर, सुती गवसणीत असावा. पेटीत कोंडू नये. कडुनिंबाचा पाला किड्यांसाठी ठीक, पण ओल असेल तर तो काही करीत नाही. बुरशी दिसलीच तर अंगणात नेऊन, नाकाला फडके बांधून, कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. पाण्याने धुऊ नये.

माझे कीर्तन गुडघ्यांनी थांबवले. मृदंग घरी आहे. चातुर्मासात दर एकादशीला नातू गवसणी काढतो, पुडीवरून फडके फिरवतो आणि थोडा वेळ वाजवतो. वाद्या बदलायला झाल्या आहेत. कार्तिकीला पंढरपुरात त्या बदलून घ्यायच्या आहेत.