समासातलं ‘कशावरून?’

पेपरांचा गठ्ठा घरी आणला की मी आधी लाल पेनात शाई किती उरलीय ते बघते. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. आमच्याकडे निबंध म्हणजे खरं तर दीर्घोत्तरी प्रश्न: गाईडातले सात मुद्दे, प्रत्येकाखाली रेघ, शेवटी ‘अशा प्रकारे’. त्यावरचे माझे शेरेही गाईडातल्यासारखेच ठरलेले. ‘मुद्दे वाढवा’, ‘मुद्देसूद लिहा’, ‘छान’. मुद्दे वाढवायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे मुलांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. समासातला एकच शेरा मी मनापासून लिहीत आले: ‘कशावरून?’

एआय वर्गात आणलं ते मी नाही, मुलांनीच. दोन वर्षांत ज्याच्या तोंडून ‘परिप्रेक्ष्य’ हा शब्द ऐकला नव्हता, त्याच्या वहीत तो पानापानावर दिसायला लागला. सगळ्या घटना ‘बहुआयामी’ झाल्या. महिनाभर चिडचिड केली, मग म्हटलं, हा आगंतुक मागच्या बाकावर लपूनछपून बसतोय, त्यापेक्षा पुढच्या बाकावर बसू दे. नियम दोनच केले. पहिला खर्डा हाताने, वहीत. मग तो मोबाइलला वाचून दाखवायचा आणि सांगायचं: तू एकही वाक्य लिहून द्यायचं नाहीस, दुरुस्त करायचं नाहीस, फक्त तीन प्रश्न विचारायचे.

विषय दिला होता १८७५ चे दख्खनचे दंगे. आमच्यापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर सुपे आहे. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात रयतेने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले, जाळले, धान्याची दुकानं लुटली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत गेलं. पुस्तकात हा मजकूर दीड पानाचा, त्यामुळे निबंधही दीड पानाचे.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. एका मुलाने वाचून दाखवलं, ‘लोकांनी सावकाराकडची खतं जाळली.’ यंत्राने अत्यंत गांभीर्याने विचारलं: खतं जळाल्यामुळे पुढच्या हंगामातल्या पिकावर काय परिणाम झाला? मी हसले, दोघंतिघं हसली, बाकीचा वर्ग गप्प. विचारलं तेव्हा कळलं, खत म्हणजे कर्जाचा कागद, हे निम्म्या वर्गालाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी हा शब्द फळ्यावर लिहीत होते आणि मुलं मनात युरियाच्या गोणी पेटवत होती. तो तास खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्राऐवजी आजोबा म्हणायचे ते व्यवस्थापत्र, यातच गेला.

सुप्याच्या बाजूच्याच एका वाडीवरून येणारी मुलगी आहे वर्गात. बोलते कमी, अक्षर किरटं. तिच्या खर्ड्याचं सार एका ओळीचं होतं: सावकार लोभी होते म्हणून दंगा झाला. यंत्राने आधी कौतुक केलं (ती त्याची खोडच आहे, शेजारच्या काकूंसारखी), मग विचारलं: सावकार तर पिढ्यान्पिढ्या होते, मग १८७५ मध्येच का?

तो प्रश्न वाचून मला जरा लागलं. हा माझा प्रश्न होता. पण रात्री साडेअकराला त्रेचाळिसावी वही हातात असताना माझ्या पेनातून ‘मुद्दे वाढवा’ एवढंच उतरलं असतं. यंत्राला त्रेचाळिसावी वही नसते, त्याची प्रत्येक वही पहिलीच.

त्या एका ‘का’मागे ती पंधरा दिवस होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिथला कापूस बंद, म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा. भाव चढले, सावकार मागेल त्याला उसने पैसे देऊ लागले. युद्ध संपलं, भाव पडले, हात आखडले. त्यात १८६७ नंतरच्या नव्या आकारणीत साऱ्याचे दर दीडपट, कुठे दुप्पट. तिला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचं. कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, म्हणजे व्याजाचा डोंगर होणार नाही, असा त्याचा हेतू. सावकाराने काय केलं? दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात धरून नवा रोखा करून घेतला. ती म्हणाली, “मॅडम, म्हणजे कायदा रयतेच्या बाजूचा, आणि फास पण त्याच दोरीचा.” हे वाक्य तिचं होतं. दुसऱ्या खर्ड्यात ते नव्हतं. ‘लिहिताना मोबाइलने सुचवलं की भाषा औपचारिक ठेवा,’ असं म्हणाली. म्हणजे आमचा नियम तिथे मोडला होता. मी ते वाक्य परत लिहायला लावलं.

दुसरा नियमभंग मोठा होता. एकाच्या निबंधात एका शेतकऱ्याने कलेक्टरला लिहिलेल्या अर्जातलं अवतरण आलं, तारखेसकट, डोळ्यांत पाणी आणणारं. मी तीन संध्याकाळी शोधलं. असा अर्जच सापडेना. शेवटी मुलाने कबूल केलं, ‘पुरावा द्या’ म्हटल्यावर यंत्रानेच तो दिला होता. “पण मॅडम, त्याला खोटं बोलून काय मिळणार?” प्रश्न रास्त होता. मी त्याला बखरकारांची गोष्ट सांगितली. बखरकारही लबाड नव्हता. त्याला गोष्ट पुरी करायची असायची, मध्ये भगदाड पडलं की तो ते संवादाने, भाषणाने, हत्ती-घोड्यांच्या आकड्यांनी बुजवायचा. इतिहासकार राजवाडे बखरींवर विसंबून न राहता गावोगावच्या दप्तरांतली अस्सल पत्रं गोळा करत हिंडले ते याचसाठी. हे यंत्र म्हणजे एक तल्लख बखरकार आहे. प्रश्न विचारायला त्याला बसवावं, साक्ष द्यायला उभं करू नये. मुलांना हे पटलं. त्या दिवसापासून वर्गात ‘कशावरून?’ हा शब्द मोबाइलला उद्देशून ऐकू यायला लागला, आणि दोनतीनदा मलाही.

तिसऱ्या खर्ड्यात ती मुलगी आयोगापाशी पोचली. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने रयतेच्या आणि सावकारांच्या जबान्या घेतल्या, आणि सरकारी साऱ्याचा यात दोष नाही, दोष सावकारांचा, असा निष्कर्ष काढला. पहिल्या खर्ड्यातलं तिचं वाक्य कुठून आलं होतं ते मला आता उमगलं. सरकारचंच म्हणणं पाठ्यपुस्तकं, गाईडं यांतून झिरपत तिच्या वहीत आलं होतं. यंत्र तर आयोगाला ‘अधिकृत स्रोत’ म्हणून मोकळं झालं. मी समासात लिहिलं, ‘हे कोण सांगतंय?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘सरकारनेच नेमलेला आयोग सरकारला दोष कसा देईल?’ मी खूश. बरोबरची खूण केली, तीही ठसठशीत.

आठवड्याने ती स्टाफरूमच्या दारात उभी. यंत्र म्हणतंय की आयोगातल्याच एका सदस्याने वेगळं मत दिलं होतं. खरं असेल का, की पुन्हा तो अर्जासारखा प्रकार? मला लगेच आठवेना. संध्याकाळी दोघी कॉम्प्युटरपुढे बसलो. जुन्या अहवालाची स्कॅन केलेली पानं, वाकडी, कडांना काळी. ऑकलंड कॉल्विन. आयोगाचा सदस्य, आणि त्याच्या टिपणात मुंबई सरकारच्या साऱ्याच्या आकारणीवर टीका. इंग्रजी जड होतं. ती शब्दाशब्दाला थांबत होती, मी अर्थ सांगत होते. शिपाईमामा दोनदा किल्ल्या वाजवून गेले.

माझी बरोबरची खूण मलाच खोडावी लागली. तिने वही पुढे ओढली, ‘सरकारनेच नेमलेला’ वरून रेघ मारली, मग थोडा विचार करून खालच्या ओळीत ‘आयोगाने’ हा शब्दही खोडला. काकपद घालून वर किरट्या अक्षरात लिहिलं: ‘आयोगातल्या इतरांनी’. समासात अजून जागा होती. मी काही लिहिलं नाही.