चोवीस रंगांची पेटी

माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या खणात एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तिच्या झाकणावरील मोर आता पुसट झाला आहे आणि आतील चोवीस रंगांच्या वड्यांपैकी बहुतेक तडकल्या आहेत. घर आवरताना नातवंडे विचारतात, ‘‘आजोबा, ही टाकून का देत नाही?’’ मी हसतो आणि पेटी पुन्हा खणात ठेवून देतो. आयुष्यभर मी मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले; परंतु ‘काटकसर’ या शब्दाचा अर्थ मला या पेटीने शिकवला.

ही गोष्ट १९७२ सालची आहे. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. मी सातवीत शिकत होतो. शासनाच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसण्याची मला फार हौस होती. वडील मिठागरावर कामाला होते आणि पावसाळ्यात ते काम बंद असे. परीक्षा तर पावसाळा सरता सरता यायची. त्यामुळे रंगांसाठी पैसे मागायला माझी जीभ रेटेना. शेवटी आईच्याच ते ध्यानात आले. उन्हाच्या दिवसांत ती एका बागाईतदाराकडे राजेळी केळी सोलून सुकेळी घालण्याच्या कामाला जाई. त्या मजुरीतले पाच रुपये तिने तांदळाच्या डब्यातून काढले आणि माझ्या हातावर ठेवले.

आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी फळ्यावर यादी लिहून दिली होती. ती अगदी लहान होती : पिवळा, तांबडा व निळा अशा तीन रंगांच्या नळ्या, सहा नंबरचा एक चांगला गोल कुंचला आणि सरावासाठी जाड कागदाचा एक पूर्ण ताव. ‘‘याहून अधिक काही आणू नका,’’ असे त्यांनी बजावलेही होते. त्या साऱ्याला पाच रुपये पुरणार होते.

परंतु पापडीच्या बाजारात एका फेरीवाल्यापाशी मी ही पेटी पाहिली. चोवीस रंग, त्यांत सोनेरी आणि रुपेरीसुद्धा! शिवाय एक कुंचला. किंमत अवघी साडेतीन रुपये. मी मनाशी हिशेब केला. पाच रुपयांत तीन रंग घ्यावेत, की साडेतीन रुपयांत चोवीस? असला हिशेब चुकणे शक्य तरी होते काय? मी पेटी विकत घेतली आणि उरलेला दीड रुपया मोठ्या ऐटीत आईला परत दिला. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आपण फार शहाणपणाने वागलो, असे त्या दिवशी मला वाटले.

त्यापुढची मौज अशी, की त्या पेटीला मी परीक्षेपर्यंत हात लावला नाही. सरावात रंग संपतील, ही भीती! वर्गात मी शेजाऱ्याचे रंग मागून घेई आणि माझी पेटी दप्तरात जपून ठेवी.

परीक्षेच्या दिवशी वस्तुचित्रासाठी आमच्यासमोर पितळेचा तांब्या, वांगे आणि केळीचे पान मांडले होते. रेखाटन मला चांगले साधले. मग मी पेटी उघडली. कुंचला पाण्यात बुडवताच त्याचे टोक फाटले आणि दोन केस कागदाला चिकटले. वड्यांना कितीही घासले तरी रंग उतरेना. उतरला तो खडूच्या निवळीसारखा फिकट. चोवीस रंगांत वांग्याचा जांभळा नव्हता. दोन रंग मिसळून पाहिले, तर चिखलासारखा करडा रंग झाला. त्यावर दुसरा हात देऊ लागलो, तर खालचाच रंग उखडून आला. घंटा झाली तेव्हा माझ्यासमोर तांब्या नव्हता, वांगे नव्हते. होते ते ओल्या कागदावरील डाग. निकालाच्या यादीत माझा क्रमांक आला नाही.

घरी आल्यावर मी आईला सांगितले, ‘‘रंग वाईट निघाले.’’ ती रागावली नाही. उठून तिने तोच तांदळाचा डबा उघडला आणि मी परत दिलेला दीड रुपया त्यातून काढला. त्यात आणखी काही नाणी घातली आणि म्हणाली, ‘‘आता गुरुजी सांगतील तेच आण. आपण गरीब माणसं रे, आपल्याला एकच वस्तू दोनदा घेणं परवडत नाही.’’ आईला लिहिता-वाचता येत नव्हते. पण तिच्या या एका वाक्याएवढे अर्थशास्त्र मला पुढे एम. ए. होईपर्यंतही कोणी शिकवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी एका वडीवर नख ओढले. पांढरी भुकटी निघाली. ‘‘हे पाहा,’’ ते म्हणाले, ‘‘यात भरणाच पुष्कळ आहे, रंग थोडा. तू साडेतीन रुपयांना खडू विकत आणलास.’’ मग त्यांनी कपाटातून कडा उडालेली एक पांढरी बशी काढली आणि तिच्यावर तीन नळ्यांतून वाटाण्याएवढे तीन ठिपके घेतले. पिवळ्यात निळा मिसळताच केळीचे पान झाले. तांबड्यात निळा मिसळताच वांगे झाले. पिवळ्यात किंचित तांबडा आणि कणभर निळा घालताच जुन्या पितळेची झाक आली. तिन्ही दाट कालवले, तेव्हा जवळजवळ काळा रंग तयार झाला. ‘‘आणि पांढरा?’’ मी विचारले. गुरुजी म्हणाले, ‘‘पाणरंगात पांढरा कागदच देतो. तो विकत कशाला घ्यायचा?’’

त्या वर्षभरात गुरुजींनी आम्हांला जे शिकवले, ते आजही माझ्या ध्यानात आहे. पैसे वाचवायचे ते वस्तूंच्या संख्येत; त्यांच्या गुणांत नव्हे. कुंचला एकच घ्यावा, पण भिजल्यावर त्याचे टोक सुईसारखे जुळले पाहिजे. काम संपताच तो स्वच्छ धुवावा, बोटांनी टोक जुळवून केस वर करून उभा ठेवावा. पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवला तर केस वाकतात आणि दांड्याशी ढिले होतात. वहीऐवजी पूर्ण ताव घेऊन त्याचे चार भाग करावेत. नुसत्या रेखाटनाला पाठकोरे कागद पुरतात. पेन्सिल बोटांत मावेनाशी झाली, की तिला कागदाची नळी करून बसवावी. बारीक काटक्या झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करून निखाऱ्यांत ठेवल्या, तर आत हवा न शिरल्याने त्या जळून राख होत नाहीत. त्यांचा रेखाटनाचा कोळसा होतो. आम्ही चौघे मित्र वर्गणी काढून नळ्या घेत असू आणि बशीभोवती बसून रंगवत असू.

रविवारी गुरुजी आम्हांला वसईच्या किल्ल्यात नेत. त्या पडक्या भिंती, त्यांवर पावसाळ्यात चढलेले शेवाळ, कमानीतून दिसणारी खाडी हे सारे आम्ही त्या तीन रंगांत रंगवत असू. भिंती काळ्या दिसत; पण नीट पाहू लागलो, तेव्हा त्या काळ्यात तांबूस आणि हिरवट झाकाही दिसू लागल्या. रंग थोडे असले, की डोळ्यांना अधिक काम करावे लागते. पुढच्या वर्षी मी त्याच परीक्षेत उत्तीर्ण झालो.

मोठेपणी वाचन वाढले, तेव्हा थोर कलावंतांचीही रीत हीच असल्याचे आढळले. अजिंठ्याच्या चित्रांतील तांबडा आणि पिवळा हे मातीचे रंग आहेत, तर काळा काजळीचा. निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानातील लाजवर्दाचा मौल्यवान दगड आणावा लागे. युरोपातही हा निळा अतिशय महाग होता. तेव्हा १८२४ साली फ्रान्समधील एका संस्थेने तसाच निळा स्वस्तात बनवणाऱ्यास ६,००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले, आणि १८२८ मध्ये ते ग्विमे नावाच्या रसायनतज्ज्ञाला मिळाले. गुरुजींच्या बशीतील अल्ट्रामरीन हा तोच कृत्रिम निळा. राजेरजवाड्यांनाही जपून वापरावा लागणारा रंग ज्ञानामुळे शाळकरी मुलाच्या हाती आला.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्याच जिल्ह्यातील वारली चित्रे पाहा. गेरूने वा मातीने सारवलेली भिंत, पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी एवढेच त्यांचे साहित्य. या परंपरेतील डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. एका पांढऱ्या रंगात त्यांनी शेत, जाळे, लग्न आणि मुंग्यांची वारुळे उभी केली.

इतके सारे ठाऊक असूनही एकदा माझ्याच हातून मोठी चूक घडली. मी मुख्याध्यापक असतानाची ही हकीकत. चित्रकलेच्या साहित्याची सतरा वस्तूंची यादी शाळेतून घरोघर गेली होती. आठवीतील एका मुलीने परीक्षेसाठी नाव दिले नाही. तिचे आईवडील वीटभट्टीवर काम करत. ती कोळशाने अंगणात सुरेख चित्रे काढते, हे मला ठाऊक होते. मी तिला बोलावून विचारले, ‘‘का गं, परीक्षेला बसायचं नाही?’’ ती खाली पाहत म्हणाली, ‘‘सर, मला चित्रकला आवडत नाही.’’

ते खोटे होते, आणि ते मला लगेच ओळखू आले. मी स्वतः लहानपणी जे शब्द ओठांवर आणू शकलो नव्हतो, तेच तिलाही बोलता येत नव्हते. मी यादी मागवून घेतली. सतरा वस्तूंखाली सही माझीच होती. न वाचता केलेली! आईने दिलेला तो दीड रुपया मला आठवला आणि मान खाली गेली.

त्याच दिवशी मी ती यादी रद्द केली. नवी यादी चार ओळींची होती : तीन रंग, एक कुंचला, एक ताव, एक जुनी बशी. ज्यांना तेवढेही घेणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी वर्गात एक कपाट ठेवले. त्यातील साहित्य कोणीही न विचारता घ्यावे आणि धुवून परत ठेवावे, एवढाच नियम. कोणी काय घेतले, याची नोंद आम्ही ठेवली नाही. ती मुलगी परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली.

शाळा सोडून जाताना ती मला भेटायला आली. मग एकटीच वर्गात गेली. मी सहज मागून पाहिले. कपाटातला आपला कुंचला तिने पुन्हा एकदा धुतला, बोटांनी त्याचे टोक जुळवले आणि पुढे येणाऱ्या कोणासाठी तरी केस वर करून तो नीट उभा ठेवला.