टोकाचा नळ

२६ मे २०२५, सोमवार

पहाटे सव्वापाचला नळाला पाणी आलं ते बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं. पहिल्या कळशीचा तळ दिसेना. दुसरीही तशीच. पाचव्या कळशीपासून जरा निवळ वाटलं, पण हाताला वास येत होता, तुंबलेल्या मोरीसारखा.

रोहिणी कालच लागल्या आणि पाऊस तर त्याआधीपासूनच कोसळतोय. मे महिन्यात असा पाऊस सासूबाईंच्याही आठवणीत नाही. नदी तांबडी झाली आहे. गल्लीत सगळ्यांचं एकच म्हणणं, “नवं पाणी आहे, चार दिवसांत निवळेल.” पण नदीच्या गढूळ पाण्याला मातीचा वास येतो, मोरीचा येत नाही.

आमचं घर गल्लीच्या टोकाला, ओढ्याच्या बाजूला. दिवसाआड पाऊण तास पाणी, तेही आमच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं. आजची तारीख मुद्दाम लिहून ठेवते आहे.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. वडाला जाऊन आल्यावर सासूबाईंनी माठाचं गाळणं बदललं. जुन्या सुती पातळाचा तुकडा, धुऊन उन्हात कडक वाळवलेला. गाळण्यावाचून त्या पाणी भरू देत नाहीत. त्यांचं माहेर माण तालुक्यातलं. लहानपणी पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं. त्यांच्या चुलत्यांच्या पोटरीतून नारू निघाला होता. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढून काढायचे, तुटला की पाय सुजायचा. ते सांगताना आजही त्यांचा हात आपसूक पोटरीकडे जातो.

नारूची पिल्लं पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात असतात. पिसू कापडात अडकते, म्हणून गाळणं हेच नारूवरचं औषध ठरलं. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. बांगलादेशातही रिटा कोलवेल या शास्त्रज्ञबाईंनी जुन्या साडीच्या आठपदरी घडीतून पाणी गाळायला लावलं, तेव्हा तिथला कॉलरा जवळजवळ निम्म्यानं घटला. २००३ मध्ये ते निष्कर्ष छापून आले.

म्हणून गाळण्याला मी कधी नावं ठेवणार नाही. पण कापडात अडकतं ते डोळ्यांना दिसू शकणारं. काविळीचा विषाणू आठ पदरांतूनही सहज जातो. आजपासून पिण्याचं पाणी गाळून, वर खळखळून उकळायचं ठरवलं. सासूबाईंना उकळलेलं पाणी बेचव लागतं. तरी त्या काही बोलल्या नाहीत.

१८ जून, बुधवार

शाळा सोमवारी सुरू झाली. आज माझ्या नववीच्या वर्गात पाणी तपासायच्या बारा छोट्या बाटल्या वाटल्या. ही तपासणी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये जगापुढे मांडली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबेला ठेवायचं. आतड्यात राहणारे काही जिवाणू पाण्यात असतील, तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात आणि पाणी काळं पडतं. विजेची, यंत्राची गरज नाही.

मुलांना तीन गोष्टी बजावल्या. नळाची तोटी आधी पुसून घ्यायची. बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही. घर, गल्ली आणि वेळ चिठ्ठीवर लिहायची. बाटली काळी पडली तर ती धोक्याची घंटा समजायची, पक्का निकाल प्रयोगशाळेचा. आणि काळी पडली नाही, तरी पाण्यात विषाणू नाहीत असा अर्थ होत नाही.

२० जून, शुक्रवार

बारापैकी पाच बाटल्या काळ्या.

गावाचा नकाशा फळ्यावर काढला आणि प्रत्येक बाटलीच्या जागी खडूचा ठिपका दिला. टाकीखालचा शाळेचा नळ स्वच्छ, बाजारपेठ स्वच्छ. काळ्या पाचही बाटल्या गल्ल्यांच्या टोकांच्या, उताराकडच्या, गटारालगतच्या घरांतल्या. त्यातली एक माझ्या घरची.

मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “बाई, टाकी एकच आहे ना? मग पाणी दोन तऱ्हेचं कसं?”

मी म्हटलं, शोधू या. या पाच नळांचं पाणी पुन्हा भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं.

३० जून, सोमवार

तो प्रश्न विचारणारी मुलगी आठवडाभर वर्गात नाही. संध्याकाळी घरी गेले. डोळे पिवळे, जेवण जात नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ‘ई’ प्रकारची कावीळ निघाली. गळ्यात काविळीची माळ होती. तिच्या आईला म्हटलं, “वहिनी, माळ राहू दे, पण डॉक्टरांनी सांगितलेलं सोडू नका. मनानं कुठलंच औषध देऊ नका.” घरात तिची भावजय सात महिन्यांची गरोदर आहे. मला खरी धास्ती तिची वाटली. ही कावीळ एरवी विश्रांतीनं बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. भावजयीला उद्याच दवाखान्यात दाखवायला सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी उकळलेलंच पाणी प्यायचं, हेही सांगून आले.

घरी येऊन ही वही काढली. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, बहुधा पाच-सहा. मुलगी आजारी पडली गेल्या आठवड्यात. तिथून मागे मोजत गेले आणि २६ मेच्या पानापाशी थांबले. नक्की त्याच दिवसाचं पाणी होतं, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण एवढं कळलं की आज डोळे पिवळे दिसतात तेव्हा दोषी पाणी कधीच वाहून गेलेलं असतं आणि आज तपासलेलं पाणी चांगलंही निघू शकतं. म्हणून तपासणी नेमानं हवी, रुग्ण सापडल्यावर नव्हे.

दिल्लीत १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पुरानं सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. ती ‘ई’ विषाणूची होती हे पुढे कित्येक वर्षांनी कळलं. आपल्याकडे इचलकरंजीनं २०१२ मध्ये हीच कावीळ सोसली. आणि या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय पाण्यावरच गेला होता.

३ जुलै, गुरुवार

मुलांना घेऊन जलशुद्धीकरण केंद्रावर गेले. तिथले कर्मचारी मनापासून दाखवत होते. आधी पाणी कारंज्यावरून खाली सोडतात, त्यात हवा मिसळते. मग तुरटी. तुरटीनं मातीचे कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. तुरटी किती घालायची ते रोज ठरवावं लागतं. सहा भांड्यांत कमीजास्त तुरटी घालून ढवळायचं आणि ज्यात पुंजका चांगला बसेल ते माप धरायचं. पुढे वाळूचे थर, शेवटी क्लोरीन.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या आत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. ई. कोलाय जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. आणि नळाशी पोचताना लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. केंद्रातून निघतानाचे त्या दिवसाचे आकडे मी स्वतः पाहिले. सगळे चोख होते.

म्हणजे पाणी घरातून न्हाऊन-माखून निघतं आणि वाटेत मळतं.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. पहाटे साडेचारला, पाणी सोडणाऱ्या मामांबरोबर निघाले. आरोग्य सेवकांकडून ओटी तपासणीचा संच मागून घेतला होता. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंग नाही तर क्लोरीन नाही.

मामांनी टाकीखालचा व्हॉल्व्ह फिरवला. टाकीपाशी रंग गडद पिवळा, ०.५. बाजारपेठेत ०.३. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फिक्का, जेमतेम ०.१. माझ्या नळाशी काहीच नाही. काचेच्या नळीत पाणी पांढरं स्वच्छ दिसत होतं आणि तेच भीतीचं होतं. क्लोरीन वाटेतली घाण मारण्यातच खर्च झाला होता.

मामा एकतीस वर्षं पाणी सोडताहेत. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, “बाई, पाणी असतं तोवर नळी बाहेर थुंकते. पाणी गेलं की तीच नळी आत ओढते.” दिवसाआड पाऊण तास पाणी म्हणजे दर दोन दिवसांतले सव्वासत्तेचाळीस तास नळी रिकामी. टोकाकडे पाणी उतरून जातं, मागे पोकळी राहते आणि सांध्याला, भोकाला जे लागून असेल ते आत येतं. आमच्या गल्लीत घरोघरची नळजोडणी गटारातूनच गेली आहे. त्यात वरच्या अंगाला काहींनी थेट नळालाच मोटार लावली आहे. तीही ओढते आणि टोकाच्या घरांचा उरलासुरला दाब घालवते. पहिल्या दहा मिनिटांचं चहाच्या रंगाचं पाणी कुठून येतं, ते मला आज कळलं.

८ जुलै, मंगळवार

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाचपैकी तीन नमुन्यांत ई. कोलाय. तो अहवाल, मुलांचा नकाशा आणि ओटीचे आकडे घेऊन पाणीपुरवठा विभागात गेले. गल्लीतल्या चौदा बायका बरोबर होत्या. टेबलामागचे साहेब म्हणाले, “पण मॅडम, आमचे रिपोर्ट क्लीन आहेत.” त्यांनी फाइल काढून दाखवली. रिपोर्ट खरे होते. सगळे नमुने केंद्रातले आणि टाकीखालचे.

मी एवढंच म्हटलं, “साहेब, टाकीचं पाणी कुणी पीत नाही. आम्ही नळाचं पितो.”

ते नकाशाकडे बराच वेळ पाहत राहिले. अर्जावर शिक्का मिळाला.

१५ जुलै, मंगळवार

खोदाई झाली. गटाराच्या तळाला गंजलेला लोखंडी पाइप, हात लावला तर पापुद्रे निघत होते. चौतीस फुटांत तीन भोकं. एकात काळा गाळ अडकला होता. शेजारच्या वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “हे पीत होतो आपण?” कुणी उत्तर दिलं नाही.

वरच्या अंगाच्या दोघांनी स्वतःहून मोटारी काढल्या. त्यांना कुणी भांडून सांगितलं नव्हतं. ते खोदाई बघायला आले होते.

२८ जुलै, सोमवार

नवी नळी गटारापासून दूर, गटाराच्या पातळीच्या वरून टाकली. क्लोरीन घालून धुऊन घेतली. आज पहाटे माझ्या नळाशी ०.२. फिक्का पिवळा, पण पिवळा. सासूबाईंना काचेची नळी दाखवली, त्यांनी चष्मा लावून पाहिली. उकळणं मी अजून थांबवलेलं नाही. सलग महिनाभर आकडा टिकला, तर पुढचं ठरवीन.

मुलगी आज वर्गात आली, अशक्त आहे पण हसत होती. भावजयीचं रक्त स्वच्छ निघालं.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर वर्गानंच फळ्यावर लिहिलं: टाकी एक असली, तरी वाट एक नसते. ही वाट कायमची स्वच्छ ठेवायची तर नळी कधी रिकामीच पडू देता कामा नये. चोवीस तास पाणी ही चैन नव्हे, नळीत दाब ठेवून घाण बाहेर राखण्याची ती रीत आहे. कराडशेजारच्या मलकापूरनं मीटर बसवून हे करून दाखवलं आहे, आणि मलकापूर काही महानगर नाही.

तोवर प्रत्येक गावानं एक काम उद्यापासून करावं. पाण्याचा नमुना टाकीखाली घेऊ नये, प्रत्येक भागातल्या सगळ्यात टोकाच्या नळाला घ्यावा आणि त्यातल्या क्लोरीनचा आकडा चौकातल्या फळ्यावर तारखेसह रोज लिहावा. आमच्या चौकात आजपासून नववीची मुलं तो लिहिणार आहेत. तुमच्या गावचा टोकाचा नळ कुणाच्या घरी आहे ते शोधा, आणि त्या घरी जाऊन एकदा विचारा, पहिली कळशी कुठल्या रंगाची येते.